बोलेरोत ४ चॅनेल अँप: बास वाढवला की लाल दिवा, रेस दिली की सुंईई

दारव्हा_रोड

राम राम मंडळी. अडचणी दोन आहेत. आधी सगळं सामान सांगतो, म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

गाडी बोलेरो, डिझेल. स्टिरिओ अँड्रॉइड टचस्क्रीन, मागे फ्रंट, रिअर आणि सब (सबवूफर, बासचा मोठा स्पीकर) अशा तिन्ही आरसीए (अँपकडे आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या वायरींची जोडणी). अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) ४ चॅनेल, क्लास एबी. पुस्तिकेत लिहिलंय: ४ ओहमवर ७५ वॅट × ४, २ ओहमवर १०० × ४, ब्रिजमध्ये (दोन चॅनेल एकत्र जोडून) ४ ओहमवर २०० × २, सगळं आरएमएस (सलग टिकणारी ताकद). अँपवर २५ अँपिअरचे दोन फ्यूज. समोरच्या दारांत कंपोनंट स्पीकर, ४ ओहम, ६० वॅट. मागे पोर्टवाल्या (हवेची नळी असलेल्या) तयार डब्यात १२ इंची सबवूफर, २५० वॅट, ४+४ डबल कॉइल (४ ओहमच्या दोन वेगळ्या कॉइल). चॅनेल १-२ वर समोरचे स्पीकर, ३-४ ब्रिज करून सब. वायर किटमधली, पाकिटावर ४ गेज लिहिलेलं. बॅटरीपाशी ६० चा फ्यूज. अँपचा निगेटिव्ह मागच्या सीटबेल्टच्या बोल्टवर. अँप क्लीनर साईडच्या सीटखाली.

पहिली अडचण: आवाज निम्म्याच्या वर नेला की दहा-पंधरा मिनिटांत अँपचा लाल प्रोटेक्ट दिवा लागतो आणि अँप बंद पडतो. पाच मिनिटं बंद ठेवला की परत चालू. दुपारी लवकर लागतो, रात्री उशिरा.

दुसरी: इंजिन चालू असलं की स्पीकरमधून सुंई आवाज, रेस दिली की तोही चढतो.

दुकानदार म्हणतो बॅटरी मोठी टाका आणि १ फॅरडचा कपॅसिटर लावा. खर्च करायच्या आधी विचारतो, नेमकं चुकतंय कुठे?

ओहमचा_हिशोब

भाऊ, बॅटरी आणि कपॅसिटर दोन्ही आत्ता थांबवा. लाल दिव्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: ४+४ डबल कॉइल.

सबच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, सिरीज जोडल्या की ८ ओहम. ४ ओहम या सबमधून निघतच नाही. तयार डब्यात बहुतेक वेळा पॅरलल जोडून येतं, कारण डबा मोनो अँपसाठी केलेला असतो. तुमचा अँप ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालायला बनलेला नाही. ब्रिज केलं की प्रत्येक चॅनेलला अर्धेच ओहम दिसतात. डब्यावर २ ओहम असेल तर आतल्या एकेका चॅनेलला १ ओहम. करंट दुप्पट, उष्णता त्याहून जास्त. पंधरा मिनिटं टिकतो हेच पुष्कळ आहे.

आधी मोजा. अँप बंद करा, डब्याच्या टर्मिनलवरून दोन्ही वायर काढा, मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो आधी लिहून घ्या (०.२ किंवा ०.३ येईल) आणि नंतरच्या आकड्यातून वजा करा. १.६ ते २ आलं तर पॅरलल, ७ च्या आसपास आलं तर सिरीज. मीटरवरचा आकडा सबवर छापलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच येतो, तो दोष नाही.

पॅरलल निघालं तर डब्यातून सब बाहेर काढा, आठ स्क्रू असतात. पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला जोडा. उरला पहिल्याचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस, ते दोन डब्याच्या टर्मिनलवर न्या. झालं ८ ओहम. अँपच्या बाजूला ब्रिजचे दोन स्क्रू कोणते ते अँपवर रेघ मारून दाखवलेले असतात, बहुधा ३ चा प्लस आणि ४ चा मायनस. छापील रेघेप्रमाणेच जा. आणि ब्रिजचा मायनस कधीही गाडीच्या बॉडीला लावू नका.

८ ओहमवर ताकद फार कमी होईल ही भीती असते, म्हणून हिशोब देतो. ब्रिजला ८ ओहम म्हणजे प्रत्येक चॅनेलला ४ ओहम. पुस्तिकेप्रमाणे ७५ आणि ७५, म्हणजे १५० वॅट. ४ ओहम मिळालं असतं तर २०० वॅट. फरक ५० वॅटचा वाटतो, पण कानाला तो सव्वा डेसिबल आहे. शेजारी बसलेल्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. अँप मात्र बऱ्याच कमी करंटवर चालेल, थंड राहील.

कपॅसिटरचं म्हणाल तर १ फॅरडच्या कपॅसिटरमधून ४० अँपिअर ओढले तर एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात त्याचा १ व्होल्ट उतरतो. ढोलाचा एक ठोका याहून लांब असतो. पुढच्या ठोक्याआधी तो परत भरायचं काम तुमच्या त्याच वायरला आणि त्याच अल्टरनेटरला करावं लागतं. चुकीच्या ओहमवर तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

पूर्णाकाठ

भाऊ, मोजमाप तं कराच, पण थो अँप सीटखालून काढा.

आपल्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. उन्हात काच लावून उभी असलेली गाडी आतून ६० च्या वर तापते. अँप ८०-८५ डिग्रीले सोताले बंद करून घेते. म्हणजे गाणं लावाच्या आंधीच अर्ध्याच्या वर वाट सरलेली असते. त्याच्यात सीटखाली मॅट, वरून सीट कव्हर, हवा जाले जागा नाही. म्हणूनच दुपारी लवकर अन् रात्री उशिरा लाल होते.

मधल्या सीटच्या पाठीमांगं १८ एमएमचा प्लाय मारा, त्याच्यावर अँप उभा लावा. फिन (अँपच्या अंगावरच्या गरमी बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) उभ्या पाह्यजेत, आडव्या नाही. उभ्या असल्या का गरम हवा आपोआप वर निंगून जाते. चारी बाजूनं दोन-दोन इंच जागा मोकळी सोडा. मांगच्या आडव्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे वायरले लागू नये, एवढं पाहून जागा ठरवा. सबच्या डब्यावर अँप ठोकू नका. धक्क्यानं आतले सांधे ढिले होतात.

खाली फ्लोअरवर ठेवाचाच असन तं जमिनीपासून इंचभर उचला. पावसाळ्यात चिखलाचे पाय गाडीत येतात, ओल मॅटखाली महिनाभर राह्यते. अन् फ्लोअरले भोक पाडाच्या आंधी गाडीखाली जाऊन पाहा. डिझेलची नळी अन् ब्रेकची नळी तिथूनच जाते.

काळ्या मातीची धूळ फिनमंधी बसली का थे गोधडीवानी होते. दर दोन महिन्यानं रंगाचा कोरडा ब्रश मारा. कॉम्प्रेसरची हवा माराची असन तं दुरून मारा, जवळून मारली का धूळ आतमंधी जाते.

गाडी उन्हातून काढली का पयले दहा मिनिटं काचा खाली करून चाला, मंग आवाज वाढवा.

तारजोड

मी दुसऱ्या अडचणीवर लिहितो, पण सीटबेल्टचा बोल्ट दोन्ही अडचणींत आहे.

तो बोल्ट वीज नेण्यासाठी नसतो. त्याखाली रंग असतो, आट्यांना चिकटद्रव लावलेलं असतं, आणि जिवाच्या सुरक्षेचा बोल्ट आपण सैल करून त्यात लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घालणं मुळातच चूक. शिवाय बोलेरोची बॉडी वेगळी आणि चेसिस वेगळी, मध्ये रबराचे गुटके. बॉडीवर दिलेला निगेटिव्ह बॅटरीपर्यंत पोहोचतो तो एका-दोन पट्ट्यांमधून. त्या पट्ट्या गंजल्या असतील तर मागे कितीही घासा, उपयोग नाही.

वायर बदलायची की नाही हे मीटरलाच विचारा. इंजिन चालू, बास चालू. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी पिन अँपच्या प्लस स्क्रूवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वायर आणि फ्यूज खातायत. मग अँपचा मायनस स्क्रू आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये तसंच मोजा. पिनेला जोडायला पाच मीटर साधी बारीक वायर लागेल, ती चालते, मीटर करंट ओढत नाही. प्रत्येक बाजूला ०.३ च्या आत हवं.

पाकिटावरच्या ४ गेजवर विसंबू नका. खऱ्या ४ गेजमध्ये २१ चौरस मिमी तांबं असतं. जाड रबर घालून आत ८ चौरस मिमी भरलेली वायर त्याच नावानं विकली जाते, आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. ओळखायची पद्धत: एक तार सोडवून ब्लेडनं हळूच खरवडा. आतून पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. लायटर धरला तर तशी बारीक तार वितळून तिचा मणी होतो. तांबं लाल होतं, काळं पडतं, पण उभं राहतं. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश वीज नेतं.

पाच मीटरचा हिशोब असा. ३६ अँपिअरवर १६ चौरस मिमी शुद्ध तांबं ०.२ व्होल्ट खातं. ८ चौरस मिमीची मुलाम्याची वायर ०.६ खाते. २ ओहमच्या डब्यावर करंट वाढतो, मग तीच वायर आणखी खाते.

तालुक्याच्या गावी खरी ऑडिओ केबल मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात १६ एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल मागा. नरम असते, वळते चांगली. वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही येते, म्हणून घेताना टोक खरवडूनच घ्या. दोन्ही टोकांना १६-८ चे लग, म्हणजे १६ एमएम वायरचे आणि ८ एमएम बोल्टच्या भोकाचे. लग पक्कडीनं दाबू नका, ज्याच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंग आहे त्याच्याकडून दाबून घ्या. मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे बहुतेक असतं. अँपच्या स्क्रूत जाणाऱ्या टोकाला सोल्डर भरू नका. शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. तो अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. इंजिनमध्ये वायर घासून बॉडीला लागली तर बॅटरीचा सगळा करंट त्यातून जातो, आग तिथेच लागते. १६ एमएम तांब्याला ६० चा चालेल. सध्याच्या वायरवर ६० चा ठेवू नका, ४० चा टाका. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना भोकात रबरी ग्रोमेट हवाच, पत्र्याची कड रबर कापते.

निगेटिव्हसाठी दोन मार्ग आहेत. एक: अँपजवळ जाड पत्रा शोधा, रंग पूर्ण घासून चकचकीत करा, ८ एमएमचा बोल्ट, दातेरी वॉशर, वर ग्रीस, आणि पुढे बॅटरी मायनस ते बॉडी, बॅटरी मायनस ते चेसिस, इंजिन ते चेसिस या तिन्ही ठिकाणी तशीच १६ एमएमची वायर. दोन: १६ एमएमची दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत. माझं मत दुसऱ्याला. बोलेरोत ते जास्त खात्रीचं पडतं आणि पत्रा घासावा लागत नाही.

आता सुंई. ती अल्टरनेटरची आहे, रेससोबत चढते म्हणजे शंकाच नाही. ती येते कुठून ते शोधायचं. अँप बंद करा (चालू अँपच्या आरसीए ओढू नका, स्टिरिओतला बारीक फ्यूज जातो). दोन आरसीए प्लग घ्या, मधली पिन आणि बाहेरची कडी वायरनं जोडून टाका, ते अँपच्या इनपुटात घाला. इंजिन चालू करून अँप लावा. सुंई गेली तर दोष स्टिरिओत किंवा आरसीएत. राहिली तर अँपच्या पॉवर-निगेटिव्हमध्ये.

आरसीए आणि पॉवर एकाच बाजूनं नेल्या असतील तर वेगळ्या करा. एक डाव्या पायदानाखालून, दुसरी उजव्या. ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

दारव्हा_रोड

सगळं मोजलं. लिहितो.

डब्यावर २.१, पिनांचा ०.३ वजा केला, १.८. पॅरललच आहे. ओहमदादा, तुमचं बरोबर.

बास चालू असताना बॅटरीवर १३.९, अँपवर ११.९. प्लस बाजूला ०.८ आणि निगेटिव्ह बाजूला १.२ खातंय. वायर खरवडली, आतून पांढरी.

जोडलेले आरसीए प्लग घातले तर सुंई जवळजवळ गेली, कान स्पीकरला लावला तर अगदी बारीक राहते. म्हणजे दोष स्टिरिओच्या बाजूला का? आरसीए आणि पॉवर दोन्ही डावीकडूनच आहेत.

तारजोड

दोन्हीकडे. तुमच्या अँपचा मायनस बॅटरीपेक्षा १.२ व्होल्ट वर बसलाय आणि स्टिरिओचा मायनस डॅशमागे, बॅटरीच्या जवळ. दोन मायनसमध्ये फरक असला की तो आरसीएच्या बाहेरच्या कडीतून वाहतो आणि अल्टरनेटरची लहर सोबत घेऊन जातो. आरसीए काढली की वाट बंद, म्हणून सुंई गेली. निगेटिव्ह सुधारा, नव्वद टक्के जाईल.

तरी राहिली तर स्टिरिओच्या मागच्या आरसीएची कडी आणि स्टिरिओचा पत्रा यांच्यात ओहम मोजा. शून्याच्या जवळ हवं. काहीच दाखवलं नाही तर आतला बारीक फ्यूज उडालाय. आणि लायटर सॉकेटमधला मोबाईल चार्जर काढून पाहा. चार्जरला लावलेला मोबाईल ऑक्सनं जोडला की सुंई हमखास येते. ब्लूटूथवर तीच जोडणी सुटते.

आरसीए बदलताना एक पाहा. सबची आरसीए एकच असेल तर तिला वाय जोड लावून ३ आणि ४ दोन्ही इनपुटात द्या. काही अँप ब्रिजमध्ये एकाच इनपुटवर कमीच ताकद देतात.

मीटरवाली

वायर आणि ओहम दुरुस्त झाल्यावर गेन नव्यानं लावा, जुना ठेवू नका. २ ओहमवर, कमी व्होल्टेजवर कानानं लावलेला गेन आता चुकीचा आहे.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओच्या आरसीएतून २ व्होल्ट येतात की ४, त्याला अँप जुळवून घेण्याचा तो स्क्रू आहे. जास्त फिरवला तर अँप लहरीचं डोकं छाटतो. छाटलेल्या लहरीनं आधी ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जळतो, मग सबची कॉइल. तेव्हा लोक स्पीकरला दोष देतात.

लागणारं सामान: मीटर, पेनड्राइव्ह, ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा वेव्ह फाइलमधला टोन. व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल नको, दाबून बारीक केलेली असते.

दोन आकडे काढा. व्होल्ट म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ. समोरचे स्पीकर ६० वॅट, ४ ओहम: २४० चं वर्गमूळ, १५.५ व्होल्ट. इथे अँपचे ७५ धरायचे नाहीत, दोघांतला लहान आकडा धरायचा. सब: अँपचे १५० वॅट, ८ ओहम: १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट.

आता क्रम. गाडी मोकळ्या हवेत, इंजिन चालू, रेस थोडी वर. अँपवरून सगळ्या स्पीकरच्या वायर काढा. चारही गेन शून्यावर, बास बूस्ट शून्यावर. अँपचे दोन्ही फिल्टर बंद (एचपीएफ खालचे सूर अडवतो, एलपीएफ वरचे). एलपीएफ बंद होत नसेल तर वर टोकापर्यंत फिरवून ठेवा. स्टिरिओतला इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बॅलन्स-फेडर मध्यावर, सबची लेव्हल शून्यावर, आणि स्टिरिओतही सबचा फिल्टर असेल तर तो बंद. मग स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, ४० पर्यंत असेल तर ३०. स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओ त्याच्या वर स्वतःच लहर छाटतात.

टोन लावा. मीटर एसीवर, चॅनेल १ च्या प्लस-मायनसवर. गेन हळू फिरवा, १५.५ आला की थांबा. चॅनेल २ चा वेगळा गेन असेल तर तोही. मग ब्रिजच्या दोन टोकांवर मीटर, ३४.६ पर्यंत. ३-४ चे गेन वेगळे असतील तर दोन्ही सारखे फिरवा.

सगळीकडे १००० हर्ट्झचा टोन सांगतात, पण बहुतेक स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर खरा एसी दाखवत नाहीत. म्हणून समोरच्या स्पीकरसाठीही ५० च वापरायला सांगितला, आणि म्हणूनच फिल्टर बंद. फिल्टर चालू ठेवून ५० हर्ट्झवर १५.५ गाठायला गेलात तर गेन भलताच वर जाईल.

झालं की टोन बंद, अँप बंद, स्पीकर जोडा, फिल्टर परत लावा. समोर एचपीएफ ८० हर्ट्झ, सबला एलपीएफ ८०. दारातला स्पीकर बास वाजवत नाही म्हणून एचपीएफ काढून टाकू नका. त्याच्यावरचं बासचं ओझं काढलं की आवाज स्वच्छ होतो आणि अँपचे वॅटही वाचतात.

आता स्टिरिओ ३० च्या वर न्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. लग्नाच्या गाडीत कोणी ४० करतो आणि एका रात्रीत ट्वीटर जातात.

ओहमचा_हिशोब

ताईंनी लिहिलं तसंच करा. एक भर. सब बाहेर काढलाच आहे तर घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल एकेका कॉइलला क्षणभर लावून बघा. सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला लागला की कोन बाहेर यायला हवा, दोन्ही कॉइलवर. एका कॉइलवर आत गेला तर खुणा उलट्या आहेत आणि सिरीज जोडल्यावर दोन्ही कॉइल एकमेकींना खातील, आवाजच येणार नाही.

पूर्णाकाठ

वायर बदलताच आहा तं पूर्ण लांबीवर फ्लेक्झिबल पाईप चढवा. गाडी आंगणात उभी राह्यली, बाजूले कापसाची गंजी असली, का उंदीर येतेच. इंजिनच्या गर्मीले थे वर चढते. नरम रबर त्याले सापडलं का प्लस वायर उघडी, मंग फ्यूज चांगला असला तरच गाडी वाचते. पाईपाची दोन्ही तोंडं टेपनं बंद करा, नाही तं त्याच्यातच घुसते.

दाराच्या बिजागरीपाशी स्पीकरची वायर रबरी नळीतूनच गेली का पाहा. बाहेरून नेली असन तं दार उघडबंद होऊन कापते, बॉडीले लागते, अन् मंग चालू करताबरोबर लाल. स्पीकरच्या वायरी अँपवरून काढा अन् एकेक वायर बॉडीसोबत मोजा. मीटरनं काहीच दाखवू नये.

दारव्हा_रोड

रविवारी सगळं केलं. नागपूरहून १६ एमएम तांब्याची केबल मागवली, प्लस आणि निगेटिव्ह दोन्ही थेट बॅटरीपर्यंत. सब सिरीज, मोजला तर ७.३. दोन्ही कॉइल सेलवर बाहेरच आल्या. अँप मधल्या सीटमागे प्लायवर, फिन उभ्या. आरसीए उजवीकडून.

बास चालू असताना बॅटरीवर १३.९, अँपवर १३.६. प्लस बाजूला ०.२, निगेटिव्ह बाजूला ०.१. दुपारी दीड वाजता, गाडी तापलेली, पाऊण तास २८ वर वाजवलं. लाल लागला नाही. अँपवर हात ठेवता येतो.

सुंई गेली. फक्त चार्जर लावून ऑक्स वापरला की बारीक येते, ते तारजोडभाऊंनी सांगितलंच होतं. ब्लूटूथवर काही नाही.

ताई, समोरचा गेन आधी पाऊण फिरवलेला होता, १५.५ व्होल्ट एक तृतीयांशावरच आले. एक शंका राहिली. अँपवर सबसोनिक नावाचा एक स्क्रू आहे, १५ ते ५५ हर्ट्झ. तो कुठे ठेवू? आणि ढोलाच्या गाण्यांत ड्रायव्हर सीटवर बास कमी, मागे जास्त वाटतो.

मीटरवाली

तुमचा डबा पोर्टवाला आहे, म्हणून सबसोनिक चालूच हवा. पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली कोनाला मागून हवेचा आधार राहत नाही, तो मोकळा धावतो आणि कॉइल मागे आपटते. डब्याच्या कागदावर आकडा असेल तर त्याच्या ४-५ हर्ट्झ खाली ठेवा. कागद नसेल तर ३० वर ठेवून २५ हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात लावा आणि कोनाकडे बघा. फडफडला तर ३५ करा. ढोलाचं अंग याच्या बरंच वर असतं, गाण्यातलं काही जात नाही.

समोरचा बास: ८० हर्ट्झचा टोन हळू लावा, ड्रायव्हर सीटवर बसा, दुसऱ्या माणसाला डब्याच्या टर्मिनलवर सबच्या दोन वायर उलट करायला सांगा. प्रत्येक वेळी अँप बंद करून. ज्या जोडणीत सीटवर ८० जास्त ऐकू येतो ती ठेवा, मग ती उलटी का असेना. समोरचे दोन्ही स्पीकर एकमेकांशी सारख्याच दिशेनं जोडलेले आहेत का, हे मात्र त्याआधी बघून घ्या.

तारजोड

आणि पंधरा दिवसांनी अँपचे सहा-आठ स्क्रू आणि बॅटरीचे दोन बोल्ट परत आवळा. तांब्याची जाड वायर स्क्रूखाली दबून बसते, पहिला आवळा सैल पडतो. आवळण्याआधी दोन्ही बाजूंचे व्होल्ट एकदा मोजा. ०.१ चं ०.३ झालेलं दिसलं तर तोच स्क्रू.